कात आणि हात

मदत करणे हा सद्गुण आहे, हे विधान इतके सर्वमान्य आहे की त्याची तपासणी करावी असे सहसा कोणाला वाटत नाही. मदत न करणाऱ्याला आपण जाब विचारतो. मदत करणाऱ्याला मात्र क्वचितच. त्याचा हेतू चांगला होता एवढे समजले की आपले समाधान होते. परिणाम वाईट झाला तर आपण नशिबाला बोल लावतो, हाताला लावीत नाही. मीही सत्तरी उलटेपर्यंत याच समजुतीत होतो. ती समजूत एका पालीने मोडली. धडा मी शिकलो, पण त्याची फी पालीने भरली, आणि ती फी म्हणजे तिच्या उजव्या पुढच्या पायाचे एक बोट होते.

माझी मुलगी कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतात, टोरोंटोजवळ राहते. २०१९ च्या जानेवारीत मी तिच्याकडे होतो. बाहेर गुडघाभर बर्फ, आत अष्टौप्रहर भट्टीची गरम हवा, आणि अकरा वर्षांच्या नातवाच्या खोलीत एका काचेच्या पेटीत पाळलेली पाल! ज्या प्राण्याला आपण केरसुणीने हाकलतो, ज्याच्या चुकचुकण्यावरून शकुन-अपशकुन पाहतो, त्या प्राण्यासाठी इकडे दिवा, उबेची गादी आणि जिवंत नाकतोड्यांचा खुराक. मला हसू आले. नातवाने मात्र गंभीरपणे ओळख करून दिली. तिच्या पिवळसर अंगावर काळे ठिपके होते म्हणून त्याने तिचे नाव ‘तीळ’ ठेवले होते. शब्द त्याला आईकडून मिळाला होता.

‘लेपर्ड गेको’ या नावाने ओळखली जाणारी ही पाल मुळात परकी नाही, हे मला मागाहून कळले. कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयाचे काम पाहणाऱ्या एडवर्ड ब्लाइथ यांनी १८५४ साली तिचे शास्त्रीय वर्णन केले. अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि त्यांच्या लगतचा खडकाळ, कोरडा मुलूख हे तिचे घर. तिची भावंडे आपल्याकडेही आहेत. एक जात तर २०१४ साली सातपुड्यातून नव्याने वर्णिली गेली. आपल्या भिंतीवरच्या पालीहून ती दोन बाबतींत वेगळी. तिच्या बोटांना भिंतीला चिकटणाऱ्या गाद्या नसतात, म्हणून ती जमिनीवर चालते. आणि तिला उघडमीट करणाऱ्या पापण्या असतात. जाड शेपटीत ती चरबी साठवते. माणसाच्या घरात नीट सांभाळली तर पंधरा-वीस वर्षे जगते, म्हणजे ज्या मुलाने ती आणली तो मिसरूड फुटून नोकरीला लागेपर्यंत.

एके सकाळी तीळ पांढुरकी दिसू लागली, जणू कोणी तिच्यावर पिठी शिंपडली होती. नातू म्हणाला, “आजोबा, ती आज कात टाकणार.” रात्रीत तिने ती टाकलीही, आणि या जातीच्या रीतीप्रमाणे तोंडाने ओढून खाऊनही टाकली. सकाळी ती नव्या नाण्यासारखी चकचकीत होती. फक्त उजव्या पुढच्या पायाच्या तीन बोटांना जुन्या कातडीची पांढरी वळी तशीच राहिली होती. शाळेला निघताना नातवाने ती पाहिली आणि मला बजावले, “हात लावू नका हं. संध्याकाळी मी तिला कोमट पाण्यात बसवीन.”

मी त्याचे ऐकायला हवे होते. परंतु दुपारभर मी त्या पेटीसमोर बसलो आणि ती पाल आपला पाय पुन्हा पुन्हा तोंडाशी नेताना पाहत राहिलो. मला तिची दया आली. दयेला धीर नसतो, हे तेव्हा मला ठाऊक नव्हते. मुलीच्या खणातून चिमटा आणला, पालीला डाव्या मुठीत धरले आणि पहिले वळे ओढले. ते सहज निघाले. दुसरेही निघाले. यशाने हात धीट होतो. तिसरे निघेना, तेव्हा मी जोर लावला. त्या वळ्याबरोबर खालची जिवंत कातडीही निघाली, आणि तिळाएवढा रक्ताचा थेंब माझ्या बोटावर आला. मी तिला पेटीत ठेवले, चिमटा पुसून खणात टाकला आणि संध्याकाळी मुलगा परत आल्यावर तासभर गप्प राहिलो. त्या एका तासाची मला त्या थेंबापेक्षा अधिक लाज वाटते.

पुढे काय झाले ते थोडक्यात सांगतो. बोट सुजले, काळे पडले. पशुवैद्याकडे न्यावे लागले, आणि दोन आठवड्यांत ते गळून गेले. पालीची शेपटी तुटली तर पुन्हा येते. बोट येत नाही. डॉक्टरीणबाईंनी मला दोष दिला नाही. बोटाची स्थिती पाहून त्या म्हणाल्या, एकाच नव्हे तर मागच्या दोन-तीन वेळच्या कातींचे थर तेथे साचलेले असावेत. कदाचित ते बोट तसेही गेले असते. या ‘कदाचित’चा आधार घेऊन मी स्वतःला सोडवू शकलो असतो. पण जे बोट कदाचित गेले असते आणि जे माझ्या हाताने गेले, ती दोन बोटे नीतीच्या दृष्टीने एक नाहीत.

मला आश्चर्य वाटले ते एका गोष्टीचे. डॉक्टरीणबाईंनी पायाविषयी दोन प्रश्न विचारले आणि पेटीविषयी बारा. पेटीत उष्णता किती? हवेतला ओलावा मोजता का? ओलसर बिळासारखी जागा ठेवली आहे का? अंग घासायला खडबडीत दगड आहे का? खाण्यात काय असते, ‘अ’ जीवनसत्त्व मिळते का? कात अडकणे हा बहुधा स्वतंत्र रोग नसतो. ते लक्षण असते, असे त्या म्हणाल्या. पाल आजारी आहे की तिचे घर आजारी आहे, हे आधी पाहावे लागते.

कात टाकण्याची क्रिया मुळातून समजून घेण्यासारखी आहे. आपण समजतो की जुने कातडे आधी जाते आणि मग नवे येते. वस्तुतः क्रम उलटा आहे. जुन्या कातडीखाली नवी कातडी प्रथम पूर्ण तयार होते. मग दोहोंच्या मधल्या थरात पातळ द्रव पाझरतो, पाचकरस जुना बंध सैल करतात, आणि त्यामुळेच प्राणी पांढुरका दिसतो. ही आतली तयारी पुरी झाली की जुने आपोआप सुटते. म्हणजे जुन्याचा त्याग हा नव्याचा आरंभ नव्हे. तो नव्याच्या सिद्धतेचा शेवटचा, दिसणारा भाग आहे. साप बहुधा अखंड कात टाकतो. सरडे-पालींची तुकड्यातुकड्यांनी निघते. वाढत्या वयात ती वरचेवर निघते, प्रौढपणी साधारण महिना-दीड महिन्याने. हवा कोरडी असेल तर मधला ओलावा अवेळी सुकतो आणि जुने कातडे सुटण्याऐवजी आवळते. बोटाभोवती किंवा शेपटीच्या टोकाशी असे वळे राहिले की दर खेपेला त्यावर नवा थर चढतो, रक्तपुरवठा तुटतो आणि तो भाग मरतो. जे एकेकाळी स्वतःचे रक्षक कवच होते तेच फास होते.

आणि कोरडेपणा आला कोठून? घरात कोणी निष्काळजी नव्हते. पुस्तकात लिहिले होते की हा कोरड्या मुलखातला प्राणी आहे. म्हणून मंडळींनी पेटी कोरडी ठेवली. त्यात ऑन्टारिओच्या हिवाळ्यात घरे तापवल्यामुळे आतली हवा अधिकच रुक्ष झाली. पण कोरड्या मुलखातली पाल कोरड्या हवेत राहत नाही. दिवसभर ती दगडांच्या फटीत, मातीच्या बिळात असते, आणि तेथे ओल असते. नकाशा मुलखाचा कोरडेपणा सांगतो; बिळाची ओल सांगत नाही. दुसऱ्याची गरज आपण बहुतेक वेळा त्याच्या नकाशावरून ठरवतो, बिळावरून नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. मदतीच्या मर्यादेविषयी बोलताना फुलपाखराची गोष्ट सांगण्याची प्रथा आहे. कोशातून धडपडत बाहेर येणाऱ्या फुलपाखराची कोणाला तरी दया येते, तो कोश कातरतो, आणि पंख नीट न उलगडलेले फुलपाखरू जमिनीवरच मरते. निकोस कझान्तझाकिस यांच्या ‘झोर्बा’ या १९४६ सालच्या कादंबरीत तिचे एक रूप आहे; तेथे माणूस कात्री न लावता कोशावर आपल्या श्वासाची ऊब घालतो, पण शेवट तोच. बोध असा की धडपड ही सृष्टीची योजना आहे. मध्ये पडू नका. शिक्षक म्हणून मी ही गोष्ट किती वेळा सांगितली असेल! पालीच्या पेटीसमोर बसून मला प्रथमच तिच्यातली उणीव दिसली.

झाडावरच्या फुलपाखराची धडपड नैसर्गिक आहे. पेटीतल्या पालीची धडपड तशी नाही. तिला आपण तिच्या बिळातून, किंवा तिच्या पूर्वजांना त्यांच्या बिळांतून, उचलून आणले. ओल शोधत फिरण्याचे तिचे स्वातंत्र्य आपण काढून घेतले. आपल्या घरातली साधी पाल ट्यूबलाइटच्या मागे आपली कात काढते, खाते, आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. कारण कौलांखाली, न्हाणीघराच्या कोपऱ्यात, जेथे हवी तेथे जायला ती मोकळी आहे. तिला मदत न करणे हा विवेक आहे. पेटीतल्या पालीला मदत न करणे हा विवेक नाही. ते हात झटकणे आहे. ज्याने भिंती बांधल्या त्याला ‘सृष्टी आपले पाहून घेईल’ असे म्हणता येत नाही, कारण त्या भिंतींच्या आत सृष्टीची जागा त्याने घेतलेली असते. आपल्या देशात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ याच्या अनुसूचींतील घोरपडीसारखा प्राणी पकडून घरी ठेवणे हा गुन्हा आहे, आणि ते योग्यच आहे. पण जेथे कायदा पाळण्याची मोकळीक देतो, तेथे पाळणाऱ्याचे ऋण संपत नाही. ते तेथूनच सुरू होते.

म्हणजे ‘हात लावू नका’ हे उत्तर अपुरे ठरते, आणि ‘ओढून काढा’ हे उत्तर मी माझ्या हाताने खोटे ठरवले. मग खरे उत्तर कोणते? डॉक्टरीणबाईंनी नातवाला जी रीत शिकवली तिच्यात मला ते सापडले. झाकणाच्या डब्याला भोक पाडून त्यात ओले शेवाळ किंवा ओला कागद ठेवायचा. म्हणजे तिचे हरवलेले बीळ तिला परत द्यायचे. कात अडकली तर उथळ, कोमट पाण्यात, पोट टेकेल इतक्याच, पंधरा-वीस मिनिटे बसवायचे. मग ओल्या कापसाच्या काडीने हलकेच चोळायचे, ओढायचे नाही. जेवढी सुटेल तेवढी घ्यायची, बाकीची उद्या. कोरडी कधीच ओढायची नाही. शेपटीला धरायचे नाही, कारण भ्यालेली पाल शेपटी टाकून देते. आणि पापणीच्या आत कात राहिली तर घरच्या हाताने काहीच करायचे नाही. जाणत्या हाताकडे न्यायचे.

या साध्या रीतीत मदतीचे सारे नीतिशास्त्र आहे असे मला वाटते. आधी परिस्थिती सुधारायची, मग शरीराला हात लावायचा. सुटण्याचे काम त्या जिवाचेच राहू द्यायचे; आपण फक्त ओल पुरवायची. घाई आपली आहे की त्याची, हे विचारायचे. आपल्या हाताला काय जमत नाही ते ओळखायचे. तथापि हेही विसरायचे नाही की शेवटी कधी कधी हात लावावाच लागतो. ओल दिली, वाट पाहिली, तरी वळे सुटले नाही, तर ‘मी संयमी आहे’ असे म्हणत बसणाऱ्याच्या डोळ्यांदेखत बोट मरते. संयम आणि आळस बाहेरून सारखेच दिसतात. फरक एवढाच की संयमी माणूस रोज पेटीजवळ जाऊन पाहतो.

येथे कोणी म्हणेल, एका पालीसाठी एवढा ऊहापोह कशाला? माणसांची दुःखे काय कमी आहेत? या आक्षेपाला जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांट यांच्याकडून एक उत्तर मिळते. प्राण्यांविषयी आपले थेट कर्तव्य नाही, असे ते मानत. परंतु जो प्राण्यांशी निर्दय होतो त्याचे मन माणसांविषयीही कठोर होते, म्हणून प्राण्यांशी ममतेने वागावे. पुष्कळ वर्षे मला हे पुरेसे वाटत होते. आता वाटत नाही. तो रक्ताचा थेंब माझ्या चारित्र्याच्या सरावासाठी आला नव्हता. तो तिचा होता. इंग्रज विचारवंत जेरेमी बेंथम यांनी १७८९ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथातील एका तळटीपेत, प्राण्याला बुद्धी किंवा वाचा आहे का हा प्रश्न बाजूला सारून त्याला वेदना होते का हा प्रश्न पुढे आणला. पाल ओरडली नाही. फक्त तिने पाय आखडून घेतला. तेवढ्या हालचालीत मला उत्तर मिळाले.

तरीही माणसांचा आक्षेप मी टाळत नाही, कारण त्या रात्री मला झोप लागली नाही ती पालीमुळे नव्हे. मला एक मुलगा आठवत होता.

पस्तीस वर्षे मी मराठी शिकवले. त्या काळी पाचवीच्या वर्गात येणारी आमच्या भागातली मुले घरची बोली बोलत येत. प्रमाण मराठी त्यांना यावी, पुढे शहरात कोणी त्यांना हसू नये, ही माझी तळमळ होती. तिच्यात खोट नव्हती. एक मुलगा फार सुंदर गोष्टी सांगे, पण सगळ्या बोलीत. मी त्याला प्रत्येक वाक्याला थांबवी, शुद्ध रूप सांगे, वर्गाकडून ते म्हणवून घेई. वर्ग हसे, मला वाटे, हसण्याने तो लवकर सुधारेल. दोन-तीन महिन्यांत त्याचे वाक्य शुद्ध झाले, कारण ते एका शब्दाचे झाले. “हो.” “नाही.” “माहीत नाही.” वर्षअखेरीस मी त्याच्या प्रगतिपुस्तकात ‘भाषा सुधारली’ असे लिहिले. त्याने पुन्हा गोष्ट सांगितल्याचे मला आठवत नाही. शेजारच्या वर्गावरच्या बाई मुलांना आधी बोलीतच बोलू देत. मग तीच गोष्ट त्या प्रमाण भाषेत पुन्हा सांगत, कोणालाही न थांबवता. मला ती ढिलाई वाटे. ती ओल होती, हे मला एका काचेच्या पेटीसमोर कळावे आणि तेही तीन दशकांनी!

मात्र येथे उपमेला थांबवले पाहिजे, नाहीतर ती माझ्या सोयीची होईल. पालीची जुनी कात खरोखरच मेलेली असते आणि खाली नवी तयार असते. त्या मुलाची बोली मेलेली नव्हती. ती त्याची जिवंत कातडी होती. तिच्यातून तो आईशी बोलत होता, स्वप्ने पाहत होता. मी तिला कात समजलो. म्हणजे पालीच्या बाबतीत माझी चूक घाईची होती; मुलाच्या बाबतीत ती ओळखण्याची होती, आणि दुसरी अधिक भयंकर. कोणाच्या अंगावरून काहीही उतरवण्यापूर्वी दोन गोष्टी निश्चित माहीत हव्यात: जे काढायचे ते खरोखर मेले आहे काय, आणि त्याखाली नवे तयार आहे काय. पालीच्या बाबतीत हे डोळ्यांनी पाहता येते. माणसाच्या बाबतीत तसे दिसत नाही, त्यालाच विचारावे लागते. मी पस्तीस वर्षांत किती जणांना विचारले?

दुःखात असलेल्याला ‘आता पुरे, सावर’ असे म्हणणारे, म्हाताऱ्या आईला जुने घर सोडून नव्या सदनिकेत रुळायला आठ दिवसांची मुदत देणारे, व्यसनातून उठू पाहणाऱ्याला चारचौघांत शपथ घ्यायला लावणारे आपण सारे सद्‌हेतूचेच लोक असतो. आपल्या हातात चिमटा असतो आणि डोळ्यांत पाणी. पहिली दोन वळी सहज निघतातही. म्हणून तर तिसऱ्याला आपण जोर लावतो.

नातवाला मी त्याच संध्याकाळी, एक तास उशिरा, सारे सांगितले होते. तो रागावला नाही. त्याने विचारले, “तुम्ही घाबरला होता का?” मी म्हटले, “नाही, मला तिची दया आली.” तो थोडा वेळ विचार करून म्हणाला, “मग तुम्ही पाणी का नाही आणलंत?”

मी परत येण्याच्या आठवड्यात तीळ पुन्हा पांढुरकी झाली. या वेळी पेटीत ओल्या शेवाळाचा डबा होता. संध्याकाळी ती त्यात शिरली आणि आम्ही दोघे दिवा मंद करून बाहेर बसलो. नातू अगदी पेटीजवळ होता, पण त्याचे दोन्ही हात पाठीमागे होते. मीही माझे हात पाठीमागे घेतले. शेजारच्या टेबलावर कोमट पाण्याची उथळ बशी आणि कापसाच्या काड्या तयार ठेवल्या होत्या. सकाळी पाहिले तेव्हा पाणी थंड झाले होते. त्याची गरज पडली नव्हती.